बायको मागून येतेय

फोन आला तेव्हा विल्फ प्रीस पेम्ब्रिजच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात अंडं उकडत होता. हेरेफर्डच्या हॉस्पिटलमधली नर्स होती, आवाजावरून पोरगेलीच. "मिस्टर प्रीस, तुम्ही बसलेले आहात का?" तिने विचारलं आणि विल्फला पुढचं सगळं कळलं. तो उभाच होता, तरी "हो, बसलोय," म्हणाला. एनिड पहाटे गेली होती. झोपेतच गेली, नर्स म्हणाली. विल्फ म्हणाला, "बरं झालं कळवलंत. तुम्हाला उगाच त्रास झाला." फोन ठेवून त्याने गॅस बंद केला. अंडं पाण्यातच राहिलं.

कचऱ्याचा दिवस होता, म्हणून तो कचऱ्याचा डबा ओढत फाटकापर्यंत गेला. शेजारची ग्लेनिस बाजारातून आली होती. दोन्ही हातांत पिशव्या, आणि गाडीचं दार ती कमरेने ढकलून लावत होती.

"कशी आहे एनिड?"

"आहे तशीच," विल्फ म्हणाला.

"तिला सांग, शनिवारी येतेय मी. द्राक्षं आणत नाही. हॉस्पिटलात जो तो द्राक्षंच घेऊन येतो."

"सांगतो."

असं का बोललो ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. तिच्या हातांत पिशव्या होत्या. खरं सांगितलं असतं तर तिला त्या खाली ठेवाव्या लागल्या असत्या, रस्ता ओलांडून यावं लागलं असतं, काहीतरी बोलावं लागलं असतं. तिची एवढी अडचण कशाला करायची, असं त्या क्षणी त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या मुलीकडून, हेदरकडून, ग्लेनिसला कळलं. संध्याकाळी ती वर बटाट्याचा थर देऊन भाजलेला खिमा घेऊन आली. भांडं त्याच्या हातात दिलं आणि एक शब्दही न बोलता परत गेली. तिने चार गोष्टी सुनावल्या असत्या तर बरं झालं असतं. आठवडाभर तिच्या खिडकीसमोरून जाताना विल्फ मान खाली घालून जात होता.

विल्फने आयुष्यभर दुधाचा टँकर चालवला. एनिड शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोघं निवृत्त झाले तेव्हा जुनी घरं सांभाळणाऱ्या संस्थेचं एक कार्ड तिने काढलं, दोघांच्या नावाचं. मग दर गुरुवारी हेरेफर्डशर नाहीतर श्रॉपशरमधलं एखादं घर, एखादा वाडा, एखादं म्युझियम. रस्ते विल्फला तोंडपाठ होते. दुधाचा एकही गोठा असा नव्हता की जिथे त्याने टँकर वळवला नव्हता. पण घराच्या आत गेल्यावर त्याचं चित्त लागत नसे. भिंतीवर मेलेल्या माणसांची तोंडं, कपाटात कुणी न वापरलेल्या बश्या. एनिडचं उलटं होतं. प्रत्येक खोलीत एक म्हातारा नाहीतर म्हातारी खुर्चीवर बसलेली असायची, आल्या-गेल्याला माहिती सांगायला. एनिडला झुंबरं आणि पलंग बघण्यापेक्षा त्या माणसांशी बोलण्यात जास्त रस. हे झुंबर पुसतं कोण? शिडीवरून की खाली उतरवून? स्वयंपाकघरातून एवढ्या लांब आणलेला रस्सा टेबलावर येईपर्यंत गरम कसा राहायचा? बोलता बोलता तिला खुर्चीवरच्या माणसाचं गुडघ्याचं ऑपरेशन, त्याची नातवंडं, त्याचा कुत्रा, सगळं कळलेलं असायचं.

म्हणून विल्फ पुढे जायचा. पुढच्या दारातला स्वयंसेवक खुर्चीवरून उठून माहितीला सुरुवात करायच्या आत तो म्हणायचा, "माझी बायको मागून येतेय. तिला सांगा." आणि निसटायचा. टी-रूममध्ये स्कोन, म्हणजे चहाबरोबरचा गोडसर पाव, संपवून तिची वाट बघत बसायचा.

"तू म्हणजे माझा चोपदार आहेस," एनिड म्हणायची. "मी पोचायच्या आधी सगळ्या घराला माहीत असतं मी येणार म्हणून."

"आणि मी पोचायच्या आधी टी-रूमवाल्यांना माहीत असतं की मी उपाशी आहे."

ती फेब्रुवारीत गेली. ही घरं थंडीत बंद असतात. खुर्च्या-पलंगांवर पांढऱ्या चादरी टाकून ठेवतात. एप्रिलमध्ये ती उघडली तेव्हा पहिल्या गुरुवारी विल्फला आपलं घर खायला उठलं. त्याने कोट घातला आणि लेम्स्टरच्या अलीकडच्या एका छोट्या म्युझियममध्ये गेला. चर्चच्या मागच्या दोन-तीन खोल्या, शेतीची अवजारं, लोणी घुसळायचे डबे. पहिल्याच खोलीत एक बाई विणकाम बाजूला ठेवून उठली.

"माझी बायको मागून येतेय," विल्फ म्हणाला.

बोलल्यावर ते त्याला ऐकू आलं. तोंडाला सवय होती, तोंड बोलून गेलं. चूक सुधारायला अजून वेळ होता. पण ती बाई हसून म्हणाली, "येऊ देत सावकाश," आणि दाराकडे तोंड करून, हात पुढे बांधून, उभी राहिली. कुणाची तरी वाट बघत उभं राहावं तशी. विल्फ पुढच्या खोलीत गेला. नांगर बघितले. आणि सगळा वेळ त्याला वाटत राहिलं की मागच्या खोलीत एनिड आली आहे, त्या बाईला विणकामाबद्दल विचारतेय. मागे वळून बघायचं नाही, एवढंच करायचं होतं.

बाहेर येऊन गाडीत बसल्यावर त्याचं तोंड तापलं. दुकानातून काहीतरी उचलून आणल्यासारखं वाटत होतं. पुन्हा असं करायचं नाही, असं त्याने ठरवलं. पुढच्या गुरुवारी तो लडलोच्या पुढे एका वाड्यात गेला आणि पहिल्याच दारात तेच म्हणाला.

त्यानंतर तो दर गुरुवारी जाऊ लागला. शुक्रवारी हेदर श्रूजबरीहून फोन करायची.

"कसं होतं घर, डॅड?"

"बरं होतं."

"एकटं नाही ना वाटलं?"

"नाही."

हे मात्र खरं होतं, आणि म्हणूनच फोन ठेवल्यावर त्याला जास्त लाज वाटायची.

त्याने एक गोष्ट पाळली होती. कुणी "बायको कुठे राहिली?" असं विचारायच्या आत बाहेर पडायचं. घरं मोठी असतात. आत जायचं दार एक, बाहेर पडायचं दुसरं. दारावरच्या माणसाला दिवसभरात किती तोंडं लक्षात राहणार? उन्हाळाभर हे निभावलं.

सप्टेंबरच्या शेवटी तो एल्मरिज कोर्टला गेला. लाकडी वाशांचं जुनं घर, समोर लव्हाळी वाढलेलं तळं. वरच्या मजल्याच्या फळ्या जुन्या झालेल्या, म्हणून एका वेळी थोडीच माणसं वर सोडत. जिन्याच्या पायथ्याशी एका फळीवर पितळी बिल्ले टांगलेले होते. वर जाताना बिल्ला गळ्यात घालायचा, खाली आलं की परत खिळ्यावर अडकवायचा. तिथे बेरिल गॉफ नावाची, गळ्यात चष्म्याची साखळी असलेली बाई बसली होती. तिने कार्ड बघितलं.

"दोघं ना?"

फक्त "एक" म्हणायचं होतं. विल्फ म्हणाला, "दोघं. बायको मागून येतेय."

"मग तिचाही तुम्हीच न्या, म्हणजे मला परत उठायला नको. माझे पाय आज संपावर आहेत." तिने दोन बिल्ले त्याच्या हातात ठेवले.

एक त्याने गळ्यात घातला. दुसरा खिशात टाकला. तो किल्ल्यांवर आपटून वाजत राहिला.

वरच्या निजायच्या खोलीत डग्लस नावाचे एक काटकुळे गृहस्थ शब्दकोडं सोडवत होते. विल्फ दिसताच त्यांनी पेन्सिल वर केली. "आधीच सांगतो, आमच्याकडे भूत नाही. सगळे विचारतात."

"माझी बायको विचारेल. मागून येतेय."

"विचारणारच असेल तर तिच्यासाठी एखादं शोधून ठेवतो," डग्लस म्हणाले.

विल्फ हसला. खरंच हसला. पलंगाचे पडदे, पाळणा, खिडकीतून दिसणारं तळं, सगळं त्याने नीट बघितलं. एनिडने जेवढा वेळ घेतला असता तेवढा वेळ घेतला.

खाली आला तेव्हा बेरिल जागेवर नव्हती. त्याने गळ्यातला बिल्ला अडकवला. दुसरा बाहेर काढणार, तेवढ्यात ती चहाचा मग घेऊन आली, आणि त्याचा हात खिशातच राहिला.

"बाई वरच?"

"हो. बोलत बसली असेल."

"बसू देत हो. आमच्या डग्लसना दिवसभर कुणी भेटत नाही. भुताचं सांगितलं ना त्यांनी? आल्या-गेल्याला सांगतात."

आता नेहमीसारखं निघायचं होतं. पण खिशात बिल्ला होता. संस्थेची वस्तू खिशात घालून घरी जायचं, हे विल्फच्या रक्तात नव्हतं. बेरिल जरा उठली की गुपचूप अडकवू, असं ठरवून तो समोरच्या टी-रूममध्ये दाराजवळ बसला. चहा घेतला, स्कोन घेतला. बेरिल हलली नाही. पाय संपावर असल्याचं ती सांगतच होती. विल्फने दुसरा चहा घेतला. पाहुणे एकेक करून खाली आले, बिल्ले अडकवून गेले. बंद व्हायची घंटा झाली. फळीवर एकच खिळा रिकामा राहिला.

बेरिलने फळीकडे बघितलं, मग जिन्याकडे. मग कठड्याला धरून ती वर गेली. खाली आली तेव्हा डग्लसही मागोमाग आले.

"वर कुणीच नाही," ती म्हणाली. "डग्लस म्हणतात, बाई आल्याच नाहीत त्यांच्याकडे."

"मी भूतसुद्धा ठरवून ठेवलं होतं," डग्लस म्हणाले. पण आता त्यांच्या आवाजात गंमत नव्हती.

टी-रूममध्ये टेबलं पुसणारी मुलगी थांबली. सगळे विल्फकडे बघत होते. या वेळी सांगितलं असतं तर चार माणसांसमोर थोडी शोभा झाली असती, आणि तो घरी गेला असता. पण बेरिलच्या चेहऱ्यावर एवढी काळजी होती की आता सांगायचं म्हणजे त्या काळजीच्या तोंडावर मारल्यासारखं झालं असतं.

"बागेत गेली असेल," विल्फ म्हणाला. "भाजीच्या वाफ्यांकडे. तिला आवडतं."

बेरिलने वॉकी-टॉकीवरून घराची व्यवस्था बघणाऱ्या इमोजेनला बोलावलं. तिशीची, चटपटीत, हिरव्या जाकिटातली मुलगी. तिने विल्फला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"घाबरू नका, मिस्टर प्रीस. असं होतं कधीकधी. नाव काय त्यांचं?"

"एनिड."

"कशा दिसतात?"

विल्फने सांगितलं. ठेंगणी. केस पांढरे, आखूड, स्वतःच कापते, म्हणून मागून वाकडे. निळा कोट. डाव्या हातात काठी, पण काठी टेकायला कमी, वस्तू दाखवायला जास्त. कुणाशीही बोलायला लागते. कुत्रा दिसला की आधी कुत्र्याशी बोलते. इमोजेन मान हलवत ऐकत होती. एनिड गेल्यापासून लोक त्याला "कसे आहात?" विचारत होते. ती कशी होती, हे कुणी विचारलं नव्हतं. तो सांगत राहिला. शेंगा निवडताना ती निम्म्या तोंडात टाकते, हेही त्याने सांगितलं, आणि इमोजेन हसून म्हणाली, "मग शेंगांच्या मांडवाकडून सुरुवात करू."

नंतर त्याला सगळ्यात जास्त लाज याची वाटली. आपण सांगताना खूश होतो.

ते बागेत पसरले. इमोजेन भाजीच्या वाफ्यांकडे, डग्लस सफरचंदांकडे, बेरिल संपावरच्या पायांनी तबेल्याकडे. माळी टेरी बेडोज ढकलगाडी टाकून आला. सत्तरीकडे झुकलेला, रुंद, कमी बोलणारा माणूस. "मी तळ्याकडे बघतो," तो म्हणाला, आणि बाकीच्यांनी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

"एनिड," अशी हाक वाफ्यांकडून आली. मग सफरचंदांकडून, "मिसेस प्रीस." मग तबेल्याकडून बेरिलचा चिरका आवाज, "एनिड, अगं बाई, कुठे आहेस तू?" ऊन उतरलं होतं. चारी बाजूंनी तिचं नाव येत होतं. विल्फ गवतावर मध्येच उभा होता. सगळे हाका मारत असताना नवऱ्यानेच गप्प राहणं बरं दिसलं नसतं. आणि त्याला हाक मारायचीही होती. त्याने तोंडाभोवती हात धरले.

"एनिड," तो ओरडला. "एनिड, चल. बंद करतायत."

ओरडून झाल्यावर तो थांबला, उत्तर येतं का म्हणून. खरंच थांबला.

तळ्याकडून टेरीचा आवाज आला. "इथे काहीतरी आहे. निळं."

सगळे धावले. लव्हाळ्यात, काठापासून बरंच आत, निळं काहीतरी पाण्यात फुगून वर आलं होतं. टेरीने मागे वळून विल्फकडे एकदा बघितलं. "कोट निळाच ना?"

विल्फ काठापर्यंत आला.

टेरी बुटांसकट पाण्यात शिरला. गुडघे, मग कंबर. खाली गाळ होता. त्याचा पाय रुतला, तो पालथा पडला, पाण्याखाली गेला आणि खोकत वर आला. बेरिलने तोंडावर हात धरला. इमोजेनने फोन काढला आणि पोलिसांचा नंबर लावायला घेतला.

"बाहेर या," विल्फ म्हणाला. "अहो, बाहेर या."

"पोचलोच," टेरी म्हणाला. छातीइतक्या पाण्यात त्याने हात लांबवला आणि ते निळं ओढलं. खताची रिकामी पिशवी होती.

बेरिल मटकन काठावर बसली. "देवाची कृपा," ती म्हणाली. "मग गेल्या कुठे या?"

"ती इथे नाही," विल्फ म्हणाला.

"मग कुठे?" इमोजेनने विचारलं. फोन कानालाच होता.

"पेम्ब्रिजला."

"घरी?" बेरिल म्हणाली. "एकट्या? कशा गेल्या, बसने? इकडून तिकडे बस आहे का आता?"

"चर्चच्या आवारात आहे," विल्फ म्हणाला. "फेब्रुवारीपासून."

इमोजेनने फोन हळूच खाली घेतला. पाण्यात टेरी पिशवी धरून उभा होता. विल्फने खिशातून बिल्ला काढला आणि बेरिलपुढे धरला, कारण काहीतरी करायला हवं होतं. तिने तो घेतला आणि आपल्या स्कर्टला पुसला.

"माफ करा, मिस्टर प्रीस," इमोजेन म्हणाली. "आम्हाला माहीत नव्हतं."

"खरंच हो, माफ करा," डग्लस म्हणाले. "मी आपला भुताबद्दल काहीबाही बोललो."

"मी चहा ठेवते," बेरिल म्हणाली.

तेच त्याची माफी मागत होते. विल्फला वाटलं, आता त्या तळ्यात आपणच उतरावं.

टेरी काठावर आला. बसून त्याने एक बूट काढला, उलटा करून पाणी ओतलं, मग दुसरा. त्याचे दात वाजत होते. विल्फ त्याच्यापासून दोन हातांवर उभा होता.

"माझी दोन वर्षांपूर्वी गेली," टेरी बुटाकडे बघत म्हणाला. "मी कुणाला पाण्यात नाही उतरवलं, गड्या."

रागाने नाही म्हणाला. बूट पुन्हा पायात सरकवले आणि ओल्या अंगाने, चबक चबक आवाज करत, अवजारांच्या खोलीकडे गेला. विल्फने तोंड उघडलं होतं. शब्द बाहेर येईपर्यंत दार लागलं.

या अवस्थेत गाडी चालवू देणार नाही, असं इमोजेनने ठामपणे सांगितलं. तिने हेदरला फोन केला. हेदर येईपर्यंत विल्फ बेरिलचा चहा समोर घेऊन बसला. त्याने तो प्यायला नाही. प्यायचा हक्क आहे असं त्याला वाटलं नाही. बेरिल समोर बसून राहिली. मध्येच म्हणाली, "शेंगा निम्म्या तोंडात टाकायच्या, असं सांगितलंत ना? माझी आई तशीच होती."

हेदरने त्याला आपल्या गाडीत बसवलं. फाटकाबाहेर पडल्यावर तिने विचारलं.

"हे आजच, की सगळीकडे?"

"सगळीकडे."

"लेम्स्टरच्या म्युझियमलासुद्धा?"

"तिथूनच सुरू झालं."

"म्हणजे निम्म्या परगण्याला वाटत असेल की मम्मी अजून मागच्याच खोलीत आहे." ती हसेल असं वाटलं, पण हसली नाही. "डॅड, मला सांगायचं तरी. मी आले असते तुझ्याबरोबर गुरुवारी."

"तुला काम असतं."

"काम असतं म्हणून तू विचारलंसच नाहीस. माझी अडचण नको म्हणून. ग्लेनिसची नको, माझी नको, आणि मग हे असं."

विल्फ काचेतून बाहेर बघत राहिला. कुंपणांवर रानटी बोरं काळी झाली होती.

"मघाशी त्या इमोजेनचा फोन आला," हेदर थोड्या वेळाने म्हणाली. "म्हणाली, तुमच्या आईबद्दल बोलायचंय. एल्मरिजहून बोलतेय. तुमच्या आई सापडत नव्हत्या. क्षणभर मला वाटलं…" ती थांबली.

"काय वाटलं?"

"काही नाही. गाडी चालवू दे मला."

तिने डोळे पुसले नाहीत. वळण आलं तेव्हा गिअर बदलला. विल्फला मुलीकडे बघवेना. तिला काय वाटलं ते त्याला कळलं होतं. गवतावर उभं राहून त्यालाही तेच वाटलं होतं, पण तो तर सगळं माहीत असून. तिला ते त्याच्यामुळे वाटलं, आणि लगेच तिच्याकडून काढूनही घेतलं गेलं. दारात तिने त्याला मिठी मारली, नेहमीपेक्षा थोडी जास्त वेळ, आणि म्हणाली, "पुढच्या गुरुवारी मी येतेय. कुठेही जाऊ. दारावर मी बोलेन."

रविवारी बेरिलचा फोन आला. तुमची गाडी अजून आमच्या आवारात आहे, घाई नाही, ती म्हणाली. मग सहज सांगावं तसं सांगितलं की टेरीच्या छातीत कफ झालाय, अंथरुणात आहे, डॉक्टरने कामावर जाऊ नको म्हटलंय. "पण तो मुळात तसाच हो, दर थंडीत खोकतो. तुम्ही मनाला लावून घेऊ नका."

"मी येऊन भेटू का त्याला?"

"भेटा की," बेरिल म्हणाली. जरा थांबून पुढे म्हणाली, "मात्र एकटेच आलात तर एकटेच आहोत असं सांगा."

तिने गंमत केली होती, आणि ती योग्य होती. विल्फ हसला, आणि कान गरम झाले.

गाडी आणायला तो हेदरबरोबर गेला. अवजारांच्या खोलीला कुलूप होतं. टेरीचं घर गावात, पाणचक्कीच्या मागे, असं बेरिलने सांगितलं होतं. विल्फ तिथवर गेला. खिडकीत दिवा होता, आत कुणीतरी खोकत होतं. त्याने फाटकाला हात लावला. काय बोलायचं ते वाटेत त्याने ठरवलं होतं, चांगलं साधं वाक्य होतं. पण आजारी माणसाला दारापर्यंत उठवायचं, थंडीत उभं करायचं, त्याची अडचण करायची, असं मनात आलं आणि त्याने फाटकावरून हात काढला. गाडीत येऊन बसल्यावर त्याला कळलं की हे तेच आहे. सगळं इथूनच सुरू झालं होतं. कळूनही तो उतरला नाही.

गुरुवारी हेदर त्याच्याबरोबर जाते. दारावर ती म्हणते, "दोघं. माझे वडील आणि मी." खोलीतल्या खुर्चीवरचं माणूस उठलं की विल्फ आता थांबून ऐकतो. झुंबर शिडीवरून पुसतात की खाली उतरवून, हे त्याने एकदा विचारलंही.

ऑक्टोबरच्या शेवटी एल्मरिज कोर्ट थंडीसाठी बंद झालं. तिथल्या रस्त्याने विल्फ पुन्हा एकदा एकटा गेला. टेरी बरा होऊन कामावर आला होता. फाटकाशी पानं लोटत होता. गाडी हळू झालेली बघून, कुणाची ते न ओळखता, त्याने रस्त्यावरच्या कुणालाही करावा तसा हात वर केला. विल्फनेही हात वर केला आणि गाडी पुढे नेली.

टेरी बेडोजची माफी मागायची अजून राहिली आहे.